भरल्या पोटी

शैलजाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे पासष्ट. त्याच वर्षी भादव्यात लढाई पेटली आणि जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात एकेका माणसाला दोन दोन पाळ्या कराव्या लागल्या. शैलजाचे वडील चिंतामणी तिथे टर्नर होते, लेथ यंत्रावर लोखंड कातत. दुपारचा डबा खाऊन लेथवर परतले की त्यांना छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. घरी त्यांनी सांगितलं नाही. एका दुपारी मात्र लेथ चालूच राहिलं आणि ते खाली बसले. सोबत्यांनी उचलून दवाखान्यात नेलं.

तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या घराण्यातल्या पुरुषांचं जाण्याचं वय हेच. चिंतामणींचे वडील श्राद्धाचं जेवून उठले आणि हात धुता धुता गेले. काका मुंजीच्या पंगतीतून उठले ते ओसरीवर आडवे झाले, पुन्हा उठले नाहीत. घरात ह्या मरणाचं कौतुक होतं. भरल्या पोटी गेले, पुण्यवान माणसं, असं चिंतामणींच्या आई आवडाबाई सगळ्या चेरीताल मोहल्ल्याला सांगत असत. ती गोष्ट सांगूनच त्यांनी वैधव्य काढलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर सुहासिनी होती. ती त्यांच्याच गल्लीत वाढलेली. तिने सकाळी उपाशी पोटी चिंतामणींचं रक्त तपासलं. त्यात वावगं काही निघालं नाही. आवडाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"काहून पोराला घाबरवून राहिली गं?" त्या सुहासिनीला म्हणाल्या. "चांगलं निघालं ना रक्त?"

"उपाशी पोटचं चांगलं निघालं, आजी. आता जेवल्यावरचं पाहू द्या."

"अच्छा! म्हणजे जेवला हाच गुन्हा. माझे लाडू चोरून खायचीस, तेव्हा तुझं रक्त कोणी काढलं नाही ते!"

दुसऱ्या दिवशी चिंतामणी घरी नेहमीसारखे जेवले. वरणभातावर गढा वस्तीतल्या अहीर गवळ्याकडचं तूप, पोळीवर तूप, वर साईचं दही. त्या घरात तूप मोजून वाढत नसत. जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरेपर्यंत धार थांबत नसे. आणि पुरुषांनी हात लवकर आडवा धरायचा नाही, वाढणारीचा अपमान होतो, अशी रीत होती.

चार तासांनी सुहासिनीने रक्त घेतलं. संध्याकाळी ती काचेच्या दोन नळ्या घेऊन घरी आली. रक्त खाली बसलं की वर पाणी सुटतं, ते पाणी तिने वेगळं काढलं होतं. उपाशी पोटच्या नळीतलं पाणी पिवळसर, स्वच्छ होतं. जेवणानंतरचं पांढरं होतं.

"ह्यात दूध घातलं का गं?" आवडाबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. हे दुपारचं तूप आहे. दुसऱ्याच्या रक्तातून ते लवकर निघून जातं. काकांच्या रक्तात ते फिरतच राहतं. त्यातलं कोलेस्टेरॉल नसांना आतून चिकटतं. सकाळपर्यंत रक्त पुन्हा स्वच्छ होतं, म्हणून आधी दिसलं नाही."

आवडाबाई नळीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्या वडिलांचंही असंच असेल का गं?"

सुहासिनीने मान खाली घातली. "घराण्यात असतं ते, आजी."

आवडाबाई उठून आत गेल्या.

चिंतामणी हळूच म्हणाले, "तू पथ्य सांगशील, पण ती वाढायला आली तर मला हात आडवा धरता येणार नाही. बाबांच्या पानात शेवटचं तूप तिनंच वाढलं होतं. मी नको म्हटलं, तर तिला त्याचा अर्थ कळेल."

"मग मराल, काका."

"चलो, मग मरू."

दुसऱ्या दिवशी ते पाटावर बसले. आवडाबाई तुपाचं भांडं घेऊन समोर आल्या. चिंतामणींचे हात मांडीवरच होते. भांडं कलतं झालं. आणि आवडाबाईंनी आपलाच दुसरा हात मुलाच्या भातावर आडवा धरला.

"तुझे बाबा पुण्यवान-बिण्यवान नव्हते रे, चिंतामण," त्या म्हणाल्या. "लवकर गेले ते."

त्या दिवसापासून आवडाबाईंनी स्वयंपाक पार बदलला. पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आली, तांदळाच्या जागी कोदोचा, म्हणजे कोद्र्याचा भात. सालीच्या मुगाचं वरण, जवसाची चटणी, पनागर गावाहून येणाऱ्या बाईकडची ढीगभर पालेभाजी. चिंतामणी कुरकुरले की त्या म्हणत, "गुपचूप खा. घोडे हेच खाऊन गाड्या ओढतात, तुला लेथ ओढवणार नाही काय?" शेजारच्या मुंजीत त्या थेट पंगतीत मुलाच्या मागे उभ्या राहिल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, "भैया, ह्याच्या पानात तूप पडलं, तर तुझ्या डोक्यात पळी पडेल." सगळी पंगत हसली. चिंतामणीही हसले.

चैत्रात सुहासिनीने जेवणानंतरचं रक्त पुन्हा तपासलं. आवडाबाईंनी ती नळी तिच्या हातातून घेतली आणि पदर खोचून गल्लीत निघाल्या. प्रत्येक दारात थांबून त्या नळी उजेडात धरत. पलीकडचं बोट स्वच्छ दिसत होतं.

"बघा, बघा! आणि जेवल्यावरचं आहे बरं का!"

एकाहत्तरच्या लढाईत चिंतामणींनी पुन्हा दोन पाळ्या केल्या.

आवडाबाई एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली गेल्या. चिंतामणी दोन हजार तीन साली, ब्याऐंशी वर्षांचे होऊन वारले. नातवांच्या खांद्यावरून गेलेले त्या घराण्यातले ते पहिले पुरुष.