आला रंग

कॉफीच्या किटलीत, पर्कोलेटरच्या जाळीत, टेलरमास्तरांच्या बायकोने आज मुद्दामच कॉफी घातली नाही. बिया मात्र नेहमीसारख्या जाडसर दळल्या आणि डबा शेगडीशेजारी उघडा ठेवला. वास घरभर गेला. मास्तर आतून उठून आले आणि न चाचपडता आपल्या खुर्चीत बसले. घर त्यांना पाठ होतं.

"रंग मी बघतो," ते म्हणाले. "तुला त्यातलं काही कळत नाही. एक तर पाणचट, नाही तर काढा."

ते खरंच होतं. झाकणावरच्या काचेच्या टोपीत पाणी उसळ्या मारायला लागलं, की मास्तर तिकडे टक लावून बसायचे. आधी नुसतं पाणी, मग बदामी, आणि चॉकलेटी झालं रे झालं की गॅस बंद. कापडाला दोरा जुळवणारा डोळा तो, त्याच्यापुढे हिचं काय चालणार?

परवा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची पट्टी निघाली. डॉक्टरांच्या खोलीत ते एकटेच गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "दिसायला लागलं." तिने लेकीला फोन केला, शेजारीपाजारी सांगितलं. सोमवारी दुकान उघडणार, हेही सांगून झालं. काल तिने सुईत दोरा ओवायला दिला, तर म्हणाले, "आत्ता नको, डोळे दमलेत." तेव्हापासून तिला शंका होती.

टोपीत पाणी खळखळायला लागलं. अगदी नितळ.

तिने देव पाण्यात ठेवले होते. आता म्हणतील, अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, पाणीच उकळत बसलीस. ज्या बोलण्याचा तिला जन्मभर वैताग आला, ते आज एकदा ऐकायचं होतं.

मास्तर टोपीकडे तोंड करून बसले होते. ओठ किंचित हलत होते. मनातल्या मनात आकडे मोजत असावेत.

"आला रंग," ते म्हणाले. "कर बंद."

तिने गॅस बंद केला. कप भरून त्यांच्या हाताशी ठेवला.

मास्तरांनी घोट घेतला, तोंडात तसाच धरला, मग गिळला. लगेच दुसराही घोट घेतला. तिला ते बघवेना.

"अहो, ठेवा तो कप."

त्यांनी ठेवला. "नजर नाही येणार म्हणाले डॉक्टर," ते म्हणाले. "म्हटलं, सोमवारपर्यंत तरी तुला कळू नये." त्यांनी कप दूर सारला. "दुकानाची किल्ली माझ्या धाकट्या भावाला देऊन टाक. कधीचा मागतोय."

"काहीच दिसत नाही?"

"तसं नाही गं. उजेड कळतो." मास्तरांनी मान वर केली. "हा दिवा लागलाय ना डोक्यावर, तो कळतो. तेवढा राहील."

तिने वर पाहिलं. दिवा तिने रात्री झोपताना बंद केला होता, तो तसाच होता.

"हो," ती म्हणाली. "तेवढा राहील."

मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि बटणावर अंगठा घट्ट दाबून, आवाज होऊ न देता, दिवा लावला. मास्तर मघासारखेच वर बघत होते.