भुसा भरलेलं रेडकू

मेलेल्या रेडकाच्या कातड्यात आईनं भुसा भरला, ते म्हशीपुढं उभं केलं आणि ती चरवी घेऊन धार काढायला बसली. म्हैस ते कातडं चाटत राहिली, पान्हवली.

"तिला असं फसवताना तुला काहीच वाटत न्हाई?" मी विचारलं.

"दूध न्हाई काढलं तर कास सुजंल तिची," आई म्हणाली. हात थांबले नाहीत.

मी परभणीला मानसशास्त्र शिकते, सुट्टीला कालच घरी आले होते. दुसऱ्याच्या दुःखाचं ज्यांना काहीच वाटत नाही, अशा माणसांच्या खुणांची यादी माझ्या मोबाईलमध्ये होती. सहज फसवते: बरोबर. पस्तावा नाही: बरोबर. रडत नाही: सहा महिन्यांपूर्वी माझा भाऊ माऊली देवगाव फाट्यावर अपघातात गेला, तेव्हा गावच्या बाया हिच्या गळ्यात पडून रडल्या आणि ही त्यांच्याच पाठीवरून हात फिरवत बसली. यादीखाली मी आईचं नाव लिहिलं.

तेवढ्यात आतून आजीनं हाक मारली. आजीला दिसत नाही, सांगितलेलं ध्यानातही राहत नाही.

"माऊली आला का गं? तो आल्यावर जेवते."

आईनं चरवी खाली ठेवली, खुंटीवरचा माऊलीचा शर्ट काढला आणि माझ्या हातात दिला.

"रोज मीच घालून बसते तिच्याजवळ. बाही चाचपली की चार घास खाती. आज तू बस. आज माझ्यानं व्हायचं न्हाई."