क्लेटसची बाजू

'अल्मा' होडी कुशीवर पडली होती. डोलकाठीच्या शेंड्याचा दोर किनाऱ्यावरच्या बदामाला करकचून बांधला होता. गुडघाभर पाण्यात डावीकडे कलंडून ती आपली उजवी बाजू उन्हाला दाखवत होती. इस्मे हातात पटाशी घेऊन समोर उभी होती आणि तिचा हात काही उचलत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात या बाजूला ती कधी शिवली नव्हती.

वाटणीच तशी होती. डावी बाजू इस्मेची, उजवी क्लेटसची. एकाने आपल्या बाजूचा तळ खरवडायचा, रंगवायचा. त्या दिवशी दुसऱ्याने दोर ओढायला आलेल्या गावकऱ्यांसाठी नारळाच्या दुधात नीरफणस आणि खारवलेलं डुकराचं मांस शिजवायचं. दुसऱ्याच्या बाजूकडे ढुंकूनही बघायचं नाही. कॅरिबियन बेटावरच्या या विंडवर्ड गावात नवरा-बायकोची होडी असली की हाच रिवाज, आणि क्लेटस तर या बाबतीत भलताच मानी.

ईस्टरनंतर क्लेटस गेला. उद्या मार्टिनिकचा एक फ्रेंच माणूस होडी बघायला येणार होता. लेकीने, मर्लने, परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मम्मी, तू एकटी कशी नेणार? तुझा हात वाकडा. डॅडीच म्हणायचे ना?"

म्हणायचाच तो. इस्मेच्या हाती सुकाणू गेलं की अल्मा उजवीकडे ओढायची. "अगं बाई, अँटिग्वाला चाललोय, आफ्रिकेला नाही!" तो शिडाखालून ओरडायचा, आणि संध्याकाळी बंदरात रमचा पेला हातात घेऊन हीच गोष्ट चारचौघांत रंगवून सांगायचा. त्याच्या हातात मात्र होडी मुकाट चालायची. सुकाणूचा दांडा कमरेला टेकवून तो असा बसायचा, की इस्मेला वाटायचं, काय ही ऐट! पण काय दिवस होते ते! बेक्वियाच्या खाडीत नांगर टाकायचा, पाखरूमासे तळायचे, आणि क्लेटसने चर्चमधली गाणी बेसूर गायची. होडी विकायची म्हणजे ते सगळं विकायचं. पण वाकड्या हाताच्या बाईने भर समुद्रात एकटीने जाऊन करायचं काय?

तिने पटाशी चालवायला सुरुवात केली. वरच्या फळ्या स्वच्छ होत्या. थोडं शेवाळ, चार शिंपले. क्लेटसचं काम म्हणजे काम. मग ती पाण्यात गुडघे टेकून खाली वाकली, तळाच्या कण्याजवळ हात घातला आणि कळवळून मागे घेतला. बोट चिरलं होतं.

तिथे शिंपल्यांचा मनगटाएवढा जाड थर होता. पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत, थरावर थर. ती दुपारभर खरवडत राहिली. कणा गयानाच्या टणक लाकडाचा, म्हणून किडीने पोखरला नव्हता एवढंच. थराखालून रंग निघाला तो लाल. इस्मे बघतच राहिली. लाल रंग त्यांनी सोडला तो मर्लच्या लग्नाच्या वर्षी. तेव्हापासून हिरवा. त्याच वर्षी क्लेटस धक्क्यावर घसरून गुडघ्यांवर आपटला होता. "काही नाही झालं," म्हणाला होता. आणि त्याच वर्षापासून इस्मेचा हात वाकडा झाला होता.

एका बाजूला एवढं ओझं, मग होडी तिकडे ओढणार नाही तर काय करणार! आणि ती कमरेची ऐट? सगळं अंग लावून दांडा रेटून धरत होता तो. लबाड. सगळ्या बंदरांतून बायकोचं हसं केलं. पण बंदरं पाहिली तीही त्याच वर्षांत. अँटिग्वा, डॉमिनिका, सगळी.

मर्ल जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा आई पाण्यात बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

"त्या फ्रेंच माणसाला कळव. होडी विकायची नाही."

"आणि चालवणार कोण? तुझा हात..."

"माझ्या हाताला काय धाड भरलीय? गुडघे तुझ्या बापाचे गेले होते. वाकता येत नव्हतं त्याला."

मर्ल त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिली. "इतकी वर्षं? मग तुला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मी त्याच वर्षी त्याला होडी विकायला लावली असती."