गच्चीवरची किलकारी

हलीमने बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग म्हणाला, आज तो खेळणार नाही.

यम्मा, त्याची आई, शेगडी पुसत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. तू इथे बसून राहिलास म्हणून झुबीरचा ताप उतरणार आहे का, एवढंच तिने विचारलं.

झुबीर थोरला. आठवडाभर तो इस्पितळात होता, नाकाला नळी लावून. साथीमुळे भेटायला कुणालाच आत सोडत नव्हते. रोज दुपारनंतर केव्हातरी डॉक्टरांचा फोन यायचा आणि मायलेकांचा दिवस त्या फोनभोवती फिरायचा. नेमका त्याच वेळेला आज सामना होता.

घराच्या गच्चीवर दोन भिंतींमध्ये चादर ताणून झुबीरने धाकट्याला गोल अडवायला शिकवलं होतं. परवा बोलता येत होतं तेव्हा फोनवर त्याने धापा टाकत बजावलंही होतं, की गोल खाल्लास तर माझ्या खोलीत झोपायला येऊ नकोस. यम्मा त्याच्यासाठी मुली पाहून थकली होती. एक फार उंच, एक फार हसणारी, तिसरीचा बाप फार बोलणारा. या उन्हाळ्यात त्याचं उरकायचंच असं तिने ठरवलं, तर साथ आली आणि लग्नाचे हॉलच बंद झाले.

हलीम दारात थांबला. "काही चांगलं कळलं तर किलकारी घाल. मैदानात चिटपाखरू नसतं आता, थेट गोलपर्यंत ऐकू येईल."

लग्नात बायका जीभ थरथरवून जी लांब किलकारी घालतात, तिच्यात यम्माचा हात धरणारं स्किकदा गावातल्या, मैदानाला लागून असलेल्या त्या अख्ख्या टेकडीवर कुणी नव्हतं.

यम्माने फडकं पिळलं. "जा आता. उशीर होतोय."

साथीमुळे प्रेक्षकांसाठी मैदानाच्या दाराला कुलूप होतं, त्यामुळे गाव गच्च्यांवर चढलं होतं. खुर्च्या, कॉफीचे थर्मास, सूर्यफुलाच्या बिया. ज्या बायकांनी जन्मात मैदानाची पायरी चढली नव्हती त्यांना आता पहिल्या रांगेची जागा मिळाली होती. खाली इतकी शांतता, की चेंडूला बसलेली लाथ वरपर्यंत ऐकू यायची, आणि वरचा प्रत्येक टोमणा खाली.

"पंचसाहेब, डोळे घरी चार्जिंगला लावून आलात का?" मासळीवाला सालह चाचा ओरडला.

पंचाने मान वर करून पाहिलं आणि टेकडीभर हशा पिकला. हलीमला यातला प्रत्येक आवाज ओळखीचा होता. यम्मा तेवढी गप्प होती. कठड्याला टेकून बसलेली, मांडीवर फोन.

उत्तरार्धात त्याच्याकडे टेकडीच्या बाजूचा गोल आला. आता मान वर केली की ती दिसायची. तो दर दोन मिनिटांनी मान वर करत होता. प्रशिक्षकाने बाहेरून शिवी घातली, की चेंडू आभाळातून येणार नाहीये.

सामना संपत आला तरी कुणाचाच गोल नव्हता. तेवढ्यात आपल्याच एका गड्याने समोरच्याला गोलजवळ आडवं पाडलं. पेनल्टी. त्यांचा नेमबाज चेंडू ठेवायला आला, तेव्हा हलीमने वर पाहिलं. यम्मा उभी होती. फोन कानाला. मग ती खाली बसली. मग कठडा धरून पुन्हा उभी राहिली.

आणि किलकारी आली.

उंच, लांब, कुठेही न तुटणारी. एवढ्याशा छातीत एवढा श्वास कुठून आणला तिने, असं वाटावं अशी. तिची संपते न संपते तोच शेजारच्या गच्चीवरून दुसरी उठली, मग तिसरी, मग सगळी टेकडीच किलकारू लागली. चेंडूमागे उभा असलेला नेमबाज गोंधळून वर पाहायला लागला. हलीम मात्र हसत होता आणि हातमोज्याने डोळे पुसत होता.

शिट्टी झाली. तो डावीकडे झेपावला आणि चेंडू त्याने छातीशी धरला.

मग त्याला कुणी आवरू शकलं नाही. चेंडू दूर भिरकावून तो टेकडीखालच्या रेषेपर्यंत धावत गेला आणि वरातीत नाचतात तसा नाचला, दोन्ही हात पसरून, खांदे उडवत, गच्चीकडे तोंड करून. पंचाने पिवळं कार्ड दाखवलं, तर त्याने पंचालाच मिठी मारली. टीव्हीवाल्यांचा कॅमेरा जवळ आला. हलीमने त्याच्या काचेचा मुका घेतला. घराघरांत लोकांनी ते पाहिलं.

सामना बरोबरीत सुटला. फोन पिशवीच्या तळाशी होता, तो काढायलाही हलीम थांबला नाही. हातमोजे घालूनच चढण चढला. जिन्यात सपातांचा ढीग होता. जमायला बंदी असतानाही अर्धी गल्ली घरात शिरली होती, याचं त्याला हसू आलं. कुणीतरी त्याच्या गालावरून हात फिरवला. तो वाट काढत आत गेला आणि यम्मापुढे गुडघ्यांवर बसला.

"ऐकली मी. तुझी किलकारी ऐकली, यम्मा."

यम्माने त्याचे हातमोजे काढले, आधी एक, मग दुसरा, आणि त्याचे घामेजलेले हात आपल्या हातांत धरले.

"ऐकू जाईल, हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "घरी आणू देणार नाहीत म्हणाले त्याला. परस्पर तिकडेच पुरणार. बिनलग्नाचं लेकरू गेलं की नवरदेवासारखं पाठवायचं असतं, मग गच्चीवरूनच पाठवला. आणि तू भाऊ शोभलास बाळा. तू नाचलास, तेवढी तरी वरात झाली त्याची."