पडद्यावरची मंदाकिनी बरी झाली

"नैराश्यावरचं औषध लागू पडलंय, गांगुर्डेबाई." डॉक्टरांनी पडदा वळवला. संगणकातली मंदाकिनीची हुबेहूब प्रतिकृती सहा आठवड्यांत खडखडीत बरी होऊन केस विंचरत बसली होती.

"मग तिलाच पाठवा माझ्या घरी!" मंदाकिनी वैतागली. "मला अंघोळीलासुद्धा उठवत नाही. चार महिने सांगतेय, दुसरं औषध द्या."

"प्रतिकृती बरी झाली की औषध बदलता येत नाही. नियम आहे."

"तिला माझं थायरॉइड दिलंत? अंथरुणाला खिळलेले सासरे? दोन पाळ्यांची नोकरी?"

"छे, त्यानं चाचणी बिघडते."

"बिघडू द्या!"

डॉक्टरांनी कुरकुरत तिन्ही गोष्टी घातल्या. पडद्यावरच्या बाईच्या हातातला कंगवा गळून पडला.

"डॉक्टर, दुसरं औषध द्या ना," ती पडद्यातून म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच नवी चिठ्ठी लिहायला घेतली.