आईच्या आवाजाची दुसरी प्रत

भिंगारच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रशीदकडे छगन टेपचं एक रीळ फडक्यात गुंडाळून घेऊन आला. फौजेतल्या मेव्हण्याच्या मशिनीवर त्यानं आईचा आवाज भरून घेतला होता.

"रशीदभाई, येकच हाय. उंदरानं कुरतडलं तर संपलं. आजून येक करून द्या."

"देतो. पण दोन्ही एकाच घरात नका ठेवू. आग लागली तर दोन्ही जातील."

"मग येक शेवगावला बहिनीकडं ठिवतो." छगन जरा थबकला. "नगं. तिची पोरं फीत काढून बैलांच्या शिंगांना बांधतील. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

एवढ्या काळजीनं जपलंय म्हणजे आईच्या ओव्या असणार, असं समजून रशीदनं दुकानातल्या मशिनीवर रीळ लावलं.

"ऊठ की मुडद्या! म्हशी वरडाय लागल्या, ऊन डोक्यावर आलं, अन् ह्यो लोळतोय!"

रीळ संपेपर्यंत हेच चाललं होतं. रशीद हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला.

"अहो, या शिव्या कशाला जपताय? आई आहेत ना घरी?"

"हाय की, भाकरी थापतीय. पन उद्या ती नसली, तर मला उठवनार कोन?"

रशीदनं दुसरं रीळ भरलं आणि कपाटात ठेवलं. तिथं ते फार राहिलं नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की तो आधी तेच लावायचा. त्याची अम्मी गेली, तेव्हा भिंगारात असली मशीन कुणाकडेच नव्हती.