बटणावरचा दिवा

पुढच्या ट्रकचा काळा धूर गाडीत शिरला आणि इंजिनिअरसाहेबांनी बाहेरची हवा बंद करायचं बटण पुन्हा दाबलं. बटणावरचा दिवा लागला. साहेबांच्या जिवात जीव आला. चौक ओलांडला न ओलांडला तोच दिवा आपोआप विझला. ये रे माझ्या मागल्या! धूर परत आत.

"कुठल्या गाढवाने बनवलंय हे?" साहेब ओरडले.

ते गाढवच गाडी चालवत होतं. कारखान्यात एसी आपोआप चालवणारं हे 'ऑटो' साहेबांनीच तयार केलं होतं. "गिऱ्हाइकाला काय कळतंय? दाबू द्या बटण. दिवा लावून त्याचं समाधान करा. थोड्या वेळाने गाडी तिला योग्य वाटेल तेच करेल," असं त्यांनी भर मीटिंगमध्ये टेबल बडवून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. आज त्या टाळ्या नाकाला झोंबत होत्या.

शेजारी लेक नाकाला रुमाल लावून बसली होती. आज तिचा इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का करायचा होता. निघताना ती म्हणाली होती, "बाबा, मला फर्निचर बनवायला शिकायचंय. त्या कॉलेजलाही आजच शेवटचा दिवस आहे." साहेब मायेने हसले होते. "बरं, बघू हं," म्हणाले होते आणि गाडी ठरल्या रस्त्याला लावली होती.

"सारखं काय बटण दाबताय?" लेकीने विचारलं.

"ऐकतच नाही गं! दिवा लावून हो म्हणते आणि शेवटी स्वतःचंच खरं करते."

लेकीने रुमाल खाली घेतला. "मघाशी तुम्ही 'बरं, बघू' म्हणालात, तोही दिवाच होता ना बाबा?"

साहेबांना जोरात ठसका लागला. धुराचाच असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण ती काही पटेना. मग त्यांनी ऑटो बंद केलं.

"हे बंद केलं की सगळं आपलं आपल्याला बघावं लागतं," ते पुटपुटले.

"मग बघेन की मी."

सिग्नलला साहेबांचा हात सवयीने पुन्हा ऑटोच्या बटणाकडे गेला. लेक बघतेय हे दिसताच साहेबांनी तो तसाच वर नेऊन कान खाजवला.

"तुझं ते कॉलेज... डावीकडे लागतं की उजवीकडे?"

"ते केव्हाच मागे राहिलं, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदाच लेकीला काही एक न समजावता साहेबांनी गाडी मागे वळवली.